प्रोस्टेटच्या रेडिएशनआधीचा एमआरआय: आमच्या बीडकडच्या एका पेशंटचा अनुभव

रेडिएशन म्हणलं की लोक त्या मोठ्या मशीनबद्दलच विचारतात. दुखतं का, भाजतं का, केस जातात का. माझी निम्मी काळजी मात्र त्याच्या आधीच्या एमआरआयमधी गेली, आणि त्याबद्दल आधी कुणी धड सांगितलं नव्हतं म्हणून हे लिहितोय. मी डॉक्टर नाही. साखर कारखान्याच्या लॅबमधी नोकरी झाली, आता रिटायर, वय ६६, राहणार अंबाजोगाई. खाली जे आहे ते माझ्या केसचं आहे, तुमचे डॉक्टर वेगळं सांगतील तर त्यांचं ऐका.

नोव्हेंबर २०२३ मधी, दिवाळीनंतर, रात्री लघवीला उठणं फारच वाढलं म्हणून रक्त तपासलं. पीएसए, म्हणजे प्रोस्टेटमधनं (मूत्राशयाखालची पुरुषांची ग्रंथी) रक्तात येणाऱ्या प्रथिनाचा आकडा, १८.६ आला. चारच्या आत पाहिजे असतो म्हणे. लातूरला दाखवलं, ११ डिसेंबरला बायोप्सी झाली, दहा-बारा दिवसांनी रिपोर्ट: ग्लिसन ४+४, म्हणजे कॅन्सर, आणि तो पण जोरात वाढणाऱ्यातला. त्या दिवशी घरी येताना बसमधी मी आणि बायको रेणापूर फाट्यापर्यंत एक शब्द बोललो नाही, मग ती म्हणली, "अहो, भाजी काय घ्यायची?" आणि आम्ही भाजीवर बोलत घरी आलो.

डॉक्टरांचं म्हणणं होतं की हार्मोनचं इंजेक्शन लगेच सुरू करू आणि दोन-तीन महिन्यांनी रेडिएशन. माझा भाचा परभणीला मेडिकल चालवतो, तो म्हणला मामा, इंजेक्शन घ्यायच्या आधी एकदा रेडिएशनवाल्या डॉक्टरला तर भेटा. म्हणून जानेवारीच्या सुरुवातीला संभाजीनगरला गेलो. आमच्याकडचे कितीतरी लोक बार्शीला जातात, आम्ही मुलगी संभाजीनगरजवळ असते म्हणून तिकडं.

रेडिएशनच्या मॅडमनी सगळी फाईल बघितली आणि पहिला प्रश्न: "एमआरआय कुठंय?" झाला नव्हता. मग त्यांनी इंजेक्शन थांबवलं. म्हणल्या, इंजेक्शननी प्रोस्टेट आकसते, गाठ बारीक होते आणि गाठीतला आणि चांगल्या भागातला फरक एमआरआयवर पुसट होत जातो, मग कुठं जास्त डोस द्यायचा ते मला दिसणार नाही. त्यामुळं एमआरआय आधी. पण तोही आज नाही, कारण बायोप्सीच्या सुया लागल्यावर आत रक्त साकळतं आणि ते चित्रात गाठीसारखं फसवतं, सहा आठवडे तरी जाऊ द्या.

आता विचार करा, कॅन्सर आहे म्हणून कागदावर लिहून दिलंय आणि औषध काय, तर काहीच नाही, वाट बघा. मॅडम म्हणल्या तुमच्या केसमधी एवढ्या आठवड्यांनी काही बिघडत नाही, पण रात्री दोनला उठल्यावर ते वाक्य उपयोगी पडत नाही. संक्रांत झाली, तिळगूळ वाटला, कुणाला सांगितलं नाही. ज्यांची बायोप्सी अजून व्हायचीय त्यांनी मात्र डॉक्टरला एवढं विचाराच की एमआरआय आधी करता येईल का. हल्ली बऱ्याच ठिकाणी आधी एमआरआय आणि मग त्यात दिसेल तिथं सुई, असंच करतात, आणि हे थांबणं वाचतं.

३० जानेवारीला लातूरला एमआरआय झाला. मल्टिपॅरामेट्रिक, म्हणजे एकाच वेळी वेगवेगळ्या प्रकारची चित्रं काढणारा, असं चिठ्ठीवर लिहिलेलं होतं. साधा पोटाचा एमआरआय वेगळा, हा वेगळा, काउंटरवर चिठ्ठी दाखवून खात्री करा. साडेसात हजार लागले, वर क्रिएटिनिनची तपासणी दीडशे, कारण शिरेतून गॅडोलिनियमचं औषध देतात आणि किडनी ठीक पाहिजे. आदल्या दिवशी पिठलं, हरभऱ्याची डाळ, कोबी बंद. गुदाशयात गॅस असला की डिफ्यूजनचं, म्हणजे पाण्याच्या हालचालीचं, चित्र वाकडं होतं, आणि प्रोस्टेट अगदी त्याला लागूनच. कंबरेच्या करदोट्यात चांदीचा मणी होता तो पण काढायला लावला. आत अर्धा-पाऊण तास ठणठण आवाज, कानात कापूस दिला होता त्याचा काही उपयोग नाही. मी डोळे मिटून कारखान्याच्या शिफ्टचे जुने लोक आठवत बसलो, एकेकाचं नाव गाव सगळं, वेळ जातो.

रिपोर्टमधी लिहिलं: डाव्या बाजूला मागं १७ मिमीची गाठ, पाय-रॅड्स ५ (कॅन्सरची शंका सगळ्यात जास्त), एडीसी ६४०.

हे एडीसी काय प्रकरण आहे ते मला नंतर फिजिसिस्ट मॅडमनी समजावलं. फिजिसिस्ट म्हणजे रेडिएशनच्या डोसाचं गणित करणारे लोक, ते पेशंटला सहसा भेटत नाहीत, मी मुद्दाम गाठलं. आपल्या शरीरातलं पाणी कायम हलत असतं, त्याचे कण इकडंतिकडं पसरतात. जिथं पेशी मोकळ्या आहेत तिथं ते लांबपर्यंत जातात, जिथं कॅन्सरच्या पेशी दाटीवाटीनं भरल्यात तिथं अडतात. मशीन चुंबकाचे झटके कमीजास्त जोराचे देऊन वेगवेगळी चित्रं काढतं, त्या जोराला बी-व्हॅल्यू म्हणतात, ५०, ४००, ८०० अशा. चित्रातला उजेड किती झपाट्यानं कमी होतो त्यावरनं प्रत्येक ठिपक्याला एक संख्या काढतात, ती एडीसी. कमी आली म्हणजे पाण्याला हलायला जागा नाही. माझी ६४० म्हणजे खरं तर ०.०००६४ चौरस मिमी दर सेकंदाला, शून्यं कोण लिहीत बसणार म्हणून ६४०. प्रोस्टेटच्याच बाहेरच्या बाजूच्या निरोगी भागात ही संख्या सहसा हजाराच्या बरीच वर असते.

म्हणजे एमआरआय आता नुसता फोटो राहिला नाही, त्यातनं आकडे निघतात आणि त्या आकड्यांवरनं डोस कुठं वाढवायचा ते ठरतं. मला ही गोष्ट लई आवडली, खोटं कशाला बोलू.

फेब्रुवारीत पेट स्कॅन झाला, पीएसएमएवाला, म्हणजे प्रोस्टेटचा कॅन्सर अंगात कुठं पसरलाय का ते शोधणारा, १८ हजार. हाडात, इतर कुठं काही नाही निघालं. त्या संध्याकाळी बायकोनं पुरणपोळी केली, सण नव्हता काही.

मग सीडीची भानगड. मॅडमना फिल्मचा काही उपयोग नव्हता, त्यांना डायकॉम डेटा पाहिजे होता, म्हणजे मशीनमधनं निघालेल्या मूळ फाईली, सगळ्या बी-व्हॅल्यू आणि एडीसी मॅपसकट. ज्या सेंटरला एमआरआय झाला तिथनं सीडी आणली, तीनशे रुपये घेतले, संभाजीनगरला उघडली तर त्यात नुसते फोटो, मोबाईलमधी काढल्यासारखे. परत फोन, परत लातूर. काउंटरवरचा पोरगा म्हणतो, "काका, सगळे हेच नेतात, कुणी तक्रार केली नाही." भाच्यानं फोनवर त्याला नीट शब्दात सांगितलं तेव्हा पेनड्राइव्हवर खऱ्या फाईली मिळाल्या. तिथंच कळलं की जुना डेटा ते काही महिन्यांनी पुसून टाकतात. माझं रेडिएशन मे महिन्यात होतं, तेव्हा मागायला गेलो असतो तर काय मिळालं असतं कुणास ठाऊक. एमआरआय झाला त्याच दिवशी चिठ्ठीवर "डायकॉम, सर्व सिक्वेन्स" असं डॉक्टरकडून लिहून घ्या आणि घ्या. दोन कॉप्या करा.

१४ फेब्रुवारीला पहिलं इंजेक्शन, तीन महिन्यांचं, साडेनऊ हजार. त्यानं अंगातनं एकदम गरम वाफ आल्यासारखं होतं, घाम फुटतो. आमच्याकडं एप्रिल-मे मधी तो घाम इंजेक्शनचा का उन्हाचा हे ठरवणं अवघड.

मधल्या काळात योजनेचं काम केलं. महात्मा फुले जन आरोग्य योजना. आमचं रेशनकार्ड पांढरं, त्यामुळं मी आधी आशा सोडली होती, पण मराठवाड्याचे सगळे जिल्हे शेतकरी आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांच्या यादीत आहेत आणि तिथल्या पांढऱ्या कार्डवाल्या शेतकऱ्यांना पण योजना लागू होती, सातबारा दाखवून. माझा सातबारा भावांबरोबर सामाईक. ऑनलाइन डिजिटल सही असलेला १५ रुपयांत निघतो, त्यात माझं नाव होतं हे नशीब. पण आधारवर वडिलांच्या नावात एक वेलांटी दीर्घ आणि सातबाऱ्यावर ऱ्हस्व. आरोग्यमित्र ताई म्हणल्या, अर्ज वरून परत येईल, तलाठ्याचा दाखला आणा. तलाठी लोकसभेच्या कामावर. एप्रिल महिनाभर ते गावात सापडले तर ती बातमी व्हायची. शेवटी मंडळ अधिकाऱ्यांकडून सही आणि शंभरच्या स्टॅम्पवर प्रतिज्ञापत्र, असं करून भागलं. मंजुरी आठवड्यात आली, मधी एकदा पेटचा रिपोर्ट पुसट दिसतोय म्हणून परत अपलोड करायला लावला. रेडिएशन योजनेत बसलं. एमआरआय, पेट, इंजेक्शन हे मी खिशातनं भरलं. आता योजनेचे नियम बदललेत, तेव्हा रेशनकार्डाच्या रंगावर जाऊ नका, अंगीकृत दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला थेट विचारा.

प्रवासाचं पण सांगून टाकतो. रेल्वेत कॅन्सरच्या पेशंटला उपचाराला जाताना स्लीपर आणि थ्री एसीचं तिकीट माफ आहे, सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के सवलत. दवाखान्यातनं ठरलेल्या नमुन्यात सही-शिक्क्याचा फॉर्म घ्यायचा. आम्ही परळीहून गाडी धरायचो. एसटीत माझं ज्येष्ठ नागरिकाचं अर्धं आणि बायकोचं महिला सन्मानचं अर्धं, दोघांत एक तिकीट.

२२ एप्रिलला प्रोस्टेटमधी सोन्याचे तीन बारीक दाणे बसवले. तांदळाच्या दाण्यापेक्षा लहान, खरं सोनं. रोज रेडिएशन देताना त्या दाण्यांवरनं प्रोस्टेट नेमकी कुठंय ते मशीनला कळतं. बायको म्हणली, "मंगळसूत्रात दोन मणी वाढवा म्हणून दहा वर्षं सांगतेय, आणि स्वतः आतनं घालून बसले." नर्स ताई हसून हसून बाहेर गेल्या.

२९ एप्रिलला प्लॅनिंगचा सीटी आणि लगेच प्लॅनिंगचा एमआरआय. इथं मी मॅडमना विचारलं की एमआरआय तर झालाय, परत कशाला, साडेपाच हजार परत. उत्तर ऐकून पटलं. लातूरच्या एमआरआयचा टेबल खोलगट असतो, आरामाचा. रेडिएशनचा टेबल फळीसारखा सपाट. खोलगट टेबलावर कंबर वेगळी बसते, पाय वेगळे, आणि आतले अवयव पण जागा बदलतात. म्हणून एमआरआयच्या टेबलावर सपाट फळी टाकली, गुडघ्याखाली तोच आधार दिला जो रेडिएशनला देणार, भिंतीवरच्या लेसरच्या रेषा अंगावरच्या खुणांशी जुळवल्या. पोटावर जी कॉइल (एमआरआयचे सिग्नल टिपणारी) ठेवतात ती पण एका कमानीवर टांगली, पोट दबायला नको म्हणून. लघवीची पिशवी, म्हणजे मूत्राशय, भरलेली पाहिजे आणि शौच झालेली पाहिजे, दोन्ही एकाच वेळी, रोज तसंच.

सीटी का लागतो तर डोसाचं गणित शरीराच्या घनतेवर होतं आणि ती सीटीतनं कळते. पण सीटीवर प्रोस्टेटची कड नीट दिसत नाही, खऱ्यापेक्षा मोठीच काढली जाते. एमआरआयवर कड स्वच्छ दिसते पण घनता कळत नाही. मग दोन्ही चित्रं एकावर एक बसवतात, फ्यूजन म्हणतात त्याला. सोन्याचे दाणे सीटीत चकाकतात, एमआरआयमधी काळी भोकं दिसतात, ते एकमेकांवर बसले की जुळलं. मग जानेवारीचा जुना एमआरआय त्याच्यावर बसवून गाठ कुठं होती ते आणायचं. एमआरआय आणि रेडिएशन एकाच मशीनमधी असलेलं एमआर-लिनॅक पण असतं, आमच्या दवाखान्यात ते नव्हतं.

फिजिसिस्ट मॅडमनी मला स्क्रीन दाखवली. काळ्या-करड्या चित्रावर त्यांनी माऊसनं लाल रेघ ओढलेली, गाठीभोवती. चाक फिरवलं की पुढचा काप, रेघ थोडी लहान, परत पुढचा काप, अजून लहान, मग एका कापात रेघच नाही. पिवळी मूत्राशयाची, तपकिरी गुदाशयाची. लाल आणि तपकिरी रेघेच्या मधी नखाएवढी पण जागा नव्हती. मी विचारलं, एवढी चिकटून? म्हणल्या, तिथंच तर सगळं काम आहे.

नवीन एमआरआयवर त्याच जागी एडीसी ८९० आली होती. मी लगेच खूश, म्हणलं २५० नी वाढली, पेशी कमी झाल्या! मॅडम म्हणल्या, काका, थांबा. मशीन वेगळं, बी-व्हॅल्यू वेगळ्या, मधी इंजेक्शन झालंय, शिवाय त्याच माणसाला त्याच मशीनमधी दुसऱ्या दिवशी टाकलं तरी आकडा थोडा हलतोच. दिशा बरी दिसतीय, पण रक्ताच्या रिपोर्टसारखं हे वाचू नका. कारखान्यात रसातली साखर मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर बदलला की त्याच रसाचा ब्रिक्स, म्हणजे साखरेचा आकडा, वेगळा यायचा आणि शेतकी विभागाशी आमची भांडणं व्हायची, आधी ठरलेल्या द्रावणावर मीटर लावल्याशिवाय मी सही करायचो नाही. तेच इथं. त्यांच्याकडं पण फँटम नावाचा डबा असतो, ठरलेले द्रव भरलेला, त्याच्यावर मशीन तपासतात. हे ऐकून मला जेवढा धीर आला तेवढा समुपदेशनानं आला नसता. तात्पर्य, एका सेंटरचा एडीसी दुसऱ्या सेंटरच्या एडीसीशी घरी बसून ताडून बघू नका, आणि शेजारच्या पेशंटच्या आकड्याशी तर अजिबात नको. वेटिंगमधी लोक हे करतात.

मला अजून एक शंका होती. गाठ दिसतीय तर नुसती गाठच का जाळत नाही? उत्तर असं की एमआरआयला बारीक ठिकाणं दिसत नाहीत, म्हणून पूर्ण प्रोस्टेटला पुरेसा डोस द्यायचाच आणि दिसणाऱ्या गाठीला त्याच्यावर जास्तीचा. यावर नेदरलँड्स-बेल्जियममधी फ्लेम नावाचा अभ्यास झाला, ५७१ पेशंट, २०२१ मधी छापून आला. सगळ्यांना ३५ सिटिंगमधी ७७ ग्रे (डोसाचं माप), निम्म्यांना गाठीवर ९५ ग्रेपर्यंत. पाच वर्षांनी पीएसए परत न वाढलेले वगैरे लोक ९२ टक्के, साध्या गटात ८५. त्रास फारसा वाढला नाही, कारण गुदाशय-मूत्राशयाची मर्यादा आली की तिथं गाठीचा डोसच कमी करायचा असा नियम होता. माझ्यात पण तेच झालं, गाठीच्या मागच्या कडेला जास्तीचा डोस पूर्ण देता आला नाही. मॅडमनी हे आधीच सांगितलं. मला २५ सिटिंगचं वेळापत्रक दिलं, सिटिंग कमी आणि रोजचा डोस थोडा जास्त.

स्कॅन झाल्यावर सिटिंग सुरू व्हायला दोन आठवडे लागतात. आपल्याला वाटतं फाईल कुठंतरी पडलीय, पण रेघा ओढणं, प्लॅन करणं, मग तो प्लॅन पेशंटशिवाय मशीनवर चालवून बघणं, यात वेळ जातो. १३ मेला बीडचं मतदान होतं, ते करूनच निघालो, १५ मेला पहिलं सिटिंग.

सिटिंग स्वतः दहा-पंधरा मिनिटांचं, काही जाणवत नाही. त्रास पाण्याचा. लघवी करून अर्धा लिटर पाणी प्यायचं आणि चाळीस मिनिटं थांबायचं, प्लॅनिंगच्या दिवशी पिशवी जेवढी भरली होती तेवढी रोज भरली पाहिजे. बाहेर ४२ डिग्री, सकाळपासून घाम गेलेला, अर्ध्या लिटरनं काही भरायचं नाही. मशीनवर आधी छोटा सीटी काढतात, त्यात पिशवी रिकामी दिसली की "काका, उतरा, अजून पाणी प्या". आणि कधी उलट, तुमचा नंबर आला, पिशवी टम्म भरली आणि आधीच्या पेशंटला वेळ लागतोय. जालन्याचे एक गुरुजी होते, ते भिंतीकडं तोंड करून हनुमान चालिसा म्हणायचे. मला उपयोगी पडलं ते हे: रात्रीपासून थोडंथोडं पाणी पीत राहायचं, म्हणजे सकाळचं अर्धा लिटर लवकर खाली उतरतं. आणि पाणी प्यायच्या आधी टेक्निशियनला विचारायचं की लाईन किती आहे. मशीन मधी बंद पडलं, एसीचा काहीतरी बिघाड, त्यामुळं आणि बकरी ईदच्या सुट्टीमुळं शेवटचं सिटिंग २० जूनला गेलं. दवाखान्याजवळ खोली घेतली होती, साडेचार हजार महिना, डबा सत्तर रुपयांना. मुलगी म्हणायची आमच्याकडं राहा, पण रोज चाळीस किलोमीटर यायचं आणि लघवीचा हा खेळ, जमलं नसतं.

तिसऱ्या आठवड्यात जळजळ सुरू झाली, रात्री तासातासाला उठणं, शौचाला पण घाई. गोळ्या दिल्या, तिखट बंद, भाकरी आणि ताक. संपल्यावर महिनाभरात बरंच कमी झालं. थकवा मात्र ऑगस्टपर्यंत होता.

सप्टेंबरमधी पीएसए ०.०८ आला. हार्मोन चालू असेपर्यंत तो खाली राहतोच, त्यामुळं उड्या मारू नका असं मॅडमनी सांगितलंय, इंजेक्शन अजून बरेच महिने चालणार. मी विचारलं, परत एमआरआय करून एडीसी बघायची का? म्हणल्या, पीएसए वाढत नाही तोवर गरज नाही. पैसे वाचले. पेनड्राइव्ह मात्र जपून ठेवलाय, पुढं कधी एमआरआय लागलाच तर त्यांना जुना शेजारी ठेवून बघायला लागेल, आणि कुणी मागितला तर कॉपी द्यायची, मूळ हातचं सोडायचं नाही.